सुरुवात कुणापासून

“आधी प्युरिटन की आधी रोमँटिक? माझा नेहमी गोंधळ होतो हो.”

बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं. मोरपंखी साडी, हातात रुमालाची घडी आणि मांडीवर एक गाइड, परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं विकत घेतात तसलं. अमेरिकन साहित्याच्या कालखंडांचं पान उघडं होतं. त्यावर पेन्सिलीनं इतक्या रेघा मारलेल्या होत्या, की कुठली ओळ महत्त्वाची नाही हेच कळू नये.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. वडसावंगीच्या कॉलेजच्या व्हरांड्यात आम्ही चौघं इंग्रजीच्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी बसलो होतो. जागा एक. दोन पुरुष उमेदवार पलीकडच्या बाकावर फाइली मांडीवर घेऊन घाम पुसत होते, आणि इकडे आम्ही दोघी.

मी विमल आडे. तांड्यावरची, बंजारा. एम.ए.ला प्रथम श्रेणी, सेट पास आणि एम.फिल.चा प्रबंध शेवटच्या टप्प्यात. माझे मार्गदर्शक डॉ. पद्माकर उमरीकर त्या दिवशी विषयतज्ज्ञ म्हणून आत बसले होते. जाहिरात त्यांनीच मला दाखवली होती. “अर्ज कर विमल, अवश्य कर,” म्हणाले होते. त्यामुळं मला आशा होती. चांगलीच होती.

“आधी प्युरिटन,” मी म्हणाले. “असं पाठ नका करू. माणसं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे क्रम आपोआप लागतो.”

“म्हणजे कसं?”

“जहाजातून उतरलेली माणसं आहेत. देवाला भिणारी. पीक आलं तर देव प्रसन्न, पीक बुडालं तर आपलं पाप. अशी माणसं लिहिणार काय? प्रवचनं आणि रोजनिशा. भाषा साधी, कारण नटणं म्हणजे पाप. बरोबर?”

त्यांनी गाइड मिटलं.

“मग त्यांची नातवंडं-पणतवंडं मोठी झाली. ती देवाऐवजी राजाकडं बघून विचारायला लागली, की हा कोण लागून गेला? क्रांतीचा काळ. आता प्रवचनं मागं पडली. पत्रकं, भाषणं, जाहीरनामे आले. सगळा भर बुद्धीवर, तर्कावर. पण नुसत्या तर्कावर माणूस किती दिवस जगेल?”

“कंटाळेल.”

“कंटाळलाच. आणि जंगलात गेला, समुद्रावर गेला, स्वतःच्या मनात शिरला. एकटा माणूस, निसर्ग, भीती, स्वप्नं. हा झाला तुमचा रोमँटिक.”

“अगं बाई,” त्या हसल्या. “एवढंच?”

“पुढं यादवी युद्ध झालं. भावानं भावाला मारलं. प्रेतं पाहून आलेल्या माणसाला चांदण्यांचं कौतुक सांगून चालत नाही. मग लेखकांनी शेजारीपाजारी बघायला सुरुवात केली. माणसं जशी बोलतात तशी कागदावर बोलायला लागली, गावच्या बोलीत. हा वास्तववाद. त्याच्याच मागून निसर्गवाद. गिरण्या, गरिबी, माणूस परिस्थितीच्या हातातलं बाहुलं. मग पहिलं महायुद्ध. आता कशावरच विश्वास राहिला नाही, तर गोष्ट तरी सरळ कशी सांगणार? ती तुकड्यातुकड्यांत यायला लागली. तो आधुनिक काळ. त्याच काळात शहरातल्या काळ्या वस्त्यांमधून एक निराळाच आवाज उठला, गाण्याच्या ठेक्यावरचा.”

त्या ओठातल्या ओठात पुन्हा म्हणत होत्या. देव, राजा, जंगल, युद्ध, गिरणी, तुकडे. चटकन धरत होत्या. शिकवणाऱ्याला असा माणूस समोर आला, की थांबवत नाही. मीही थांबले नाही. जे मला कुणी विचारलं नव्हतं, तेही सांगितलं.

“एक गोष्ट मात्र तुमच्या गाइडमध्ये नाही. ही सगळी पुस्तकं सुरुवात करतात ती जहाज किनाऱ्याला लागलं तिथून. पण ते जहाज येताना किनाऱ्यावर उभं राहून बघणारं कुणीतरी होतंच की! त्यांच्याकडं गाणी नव्हती? कहाण्या नव्हत्या? पुढं ज्यांना साखळदंडानं बांधून आणलं, ते शेतात गात नव्हते? आमच्या तांड्यात नवरी सासरी जाताना ढावलो गाते. गळ्यात पडून, रडत रडत. तो कुणी कधी लिहून ठेवला नाही. म्हणून काय ती नवरी रडली नाही?”

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. “हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“कुठल्याच नाही. हे माझं आहे.”

तेवढ्यात शिपाई आला. आम्हा तिघांना डेऱ्यातलं पाणी, आणि त्यांच्यासाठी ट्रेमध्ये काचेचा ग्लास, त्यावर झाकण. “वहिनीसाहेब, तुम्ही आत पंख्याखाली बसता का? भाऊसाहेब म्हणत होते.”

पलीकडच्या बाकावरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले. त्यांना आधीच माहीत असावं. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब तौर. आणि या शलाका तौर, त्यांच्या धाकट्या सूनबाई. बाईंनी मान खाली घातली. “नको, इथंच बरं आहे,” म्हणाल्या.

मला आधी आत बोलावलं. टेबलामागं मधोमध भाऊसाहेब, एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला उमरीकर सर. समोर पोह्यांच्या बश्या. सरांनी मला बघून ओळखीची मान हलवली. मी मनातल्या मनात सगळे कालखंड ओळीनं उभे करून गेले होते.

“आडे म्हणजे बंजारा ना?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“हो.”

“लग्न झालं?”

“नाही.”

“झाल्यावर नोकरी सोडणार असाल तर आमची पंचाईत होती बघा.” प्राचार्य हसले. “बरं, तुमच्यात नाच लई भारी असतो. आरशाचे कपडे घालून. गॅदरिंगला पोरींचा बसवून द्याल का?”

मी सरांकडं पाहिलं. सर पोह्यातली मिरची बाजूला काढत होते.

“साहेब, मी इंग्रजी शिकवायला आले आहे,” मी म्हणाले. “मला अमेरिकन साहित्यावर काही…”

“ते तुमच्या फाइलीत आहेच की. मार्कं चांगली आहेत. या.”

एवढीच माझी मुलाखत. माझ्यानंतर शलाकाबाई आत गेल्या आणि पुष्कळ वेळ आत राहिल्या. मग आम्हाला सांगण्यात आलं, की निकाल पत्रानं कळवू.

फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभी होते तेव्हा संस्थेची जीप शेजारी येऊन थांबली. मागं उमरीकर सर. “बस, परभणीपर्यंत सोडतो. माझ्या नातवाचा वाढदिवस आहे, म्हणून जेवायला थांबलो नाही.”

मी बसले. थोडं अंतर गेल्यावर सर म्हणाले, “नाराज आहेस.”

“मला एकही प्रश्न नाही विचारलात तुम्ही.”

“अगं, किमान चार उमेदवार लागतात ना मुलाखतीला. नाहीतर विद्यापीठ पॅनेल परत पाठवतं. तुला अनुभव मिळाला.”

जीप खड्ड्यातून गेली. अर्ज कर विमल, अवश्य कर. ते मला नोकरी मिळावी म्हणून नव्हतं. खुर्च्या भरायच्या होत्या, म्हणून होतं.

“म्हणजे आधीच ठरलं होतं.”

“ठरलं होतं म्हणजे… सेट नाही तिची, दोन वर्षांत पूर्ण करण्याच्या अटीवर घेतलंय. खरं सांगू? मलाही सकाळी येताना वाईट वाटत होतं. पण तिनं उत्तर दिलं आणि मनावरचं ओझं उतरलं माझ्या. तुला सांगतो, आज अन्याय झालेला नाही. लायक उमेदवार मिळाला.”

“काय विचारलंत तिला?”

“नेहमीचंच. अमेरिकन साहित्याच्या प्रमुख कालखंडांची वैशिष्ट्यं. म्हटलं गाइड घोकून आली असेल. पण काय बोलली! देव, मग राजा, मग जंगल, असं एक एक माणूस उभं करत गेली. आणि शेवटी…” सर पुढं वाकले. त्यांचे डोळे खरोखर चमकत होते. “शेवटी म्हणाली, सर, पुस्तकं सुरुवात करतात जहाज किनाऱ्याला लागलं तिथून, पण ते येताना किनाऱ्यावर उभं राहून बघणारं कुणीतरी होतंच की! आमच्या गावाशेजारी तांडा आहे म्हणाली, तिथं नवरी सासरी जाताना ढावलो गाते. तो कुणी लिहून ठेवला नाही, म्हणून काय ती रडली नाही? अंगावर काटा आला माझ्या. याला म्हणतात स्वतंत्र विचार. आणि उदाहरण कुणाचं दिलं बघ, तुम्हा लोकांचं! तू असतीस तर तुलाही आवडलं असतं.”

रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडं मागं पळत होती.

“सर, माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण आठवतं तुम्हाला?”

“पहिलं म्हणजे… प्युरिटन?”

“आता ते पहिलं आहे. त्याच्या आधी एक होतं. तुम्ही काढायला लावलंत ते.”

सर आठवू लागले. त्यांना आठवेना. दोन वर्षं मी ज्या प्रकरणासाठी तांड्यातांड्यांतून म्हाताऱ्यांपुढं बसले, ते या माणसाला आठवतसुद्धा नव्हतं.

“जहाज यायच्या आधीची गाणी आणि कहाण्या,” मी म्हणाले. “त्यांच्या तिकडच्या आणि आमच्या तांड्यातल्या. तुम्ही लाल शाईनं लिहिलंत, की लिखित नाही ते साहित्य नाही, हे मानववंशशास्त्राच्या विभागात न्या. मी तुमच्या घरी आले. तुम्ही दारातच म्हणालात, विमल, जातीचं कौतुक प्रबंधात नको.”

“असं म्हणालो असेन. संदर्भ वेगळा होता.”

“तिनं कुठला संदर्भ दिला?”

“अगं, तिची मुलाखत होती. तुझा प्रबंध आहे. प्रबंधाला शिस्त लागते.”

“सर, ते शब्द माझे आहेत. आज सकाळी बाकावर बसून मीच तिला शिकवले. जहाजसुद्धा माझं आणि ढावलोसुद्धा माझा.”

सर चष्मा काढून पुसत हळू आवाजात म्हणाले, “असेल. पण तू आत हे बोलली नाहीस ना? आम्ही समोर जे येतं त्यावरच ठरवतो.”

“मला विचारलंत का तुम्ही? मला नाचाचं विचारलंत! तुम्ही समोर बसून मिरच्या वेचत होतात!”

ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. सर म्हणाले, “आवाज खाली ठेव. सही झाली आहे अहवालावर. आता काही होत नसतं.”

“गाडी थांबवा,” मी ड्रायव्हरला म्हणाले.

“विमल, वेडी आहेस का? ऊन काय आहे!”

“थांबवा म्हणते ना!”

मी उतरले आणि उलट्या दिशेनं चालायला लागले. डांबर वितळून चपलेला चिकटत होतं. चालताना मी काय काय बोलायचं ते मोठ्यांदा बोलत होते. समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानं गाडी बाजूला घेतली.

कॉलेजच्या कार्यालयात पेढे वाटणं चाललं होतं. भाऊसाहेब, प्राचार्य, आणि खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या शलाकाबाई. मी सरळ आत गेले. शिपाई मागून “बाई, बाई” करत आला.

“भाऊसाहेब, तुमच्या सूनबाईंनी जे उत्तर दिलं ते माझं होतं. सकाळी व्हरांड्यात मी त्यांना शिकवलं. तुम्ही त्यांनाच विचारा.”

प्राचार्य उठून उभे राहिले. “हे बघा मॅडम, असं येऊन…”

भाऊसाहेबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि सुनेकडं वळले. “काय ग? खरं आहे का हे?”

ती नाही म्हणेल असं मी धरूनच चालले होते. रस्ताभर त्याचीच तयारी केली होती. शलाकाबाईंनी वर पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “सगळं ह्यांनीच शिकवलं.”

क्षणभर मला वाटलं, झालं. खरं बाहेर आलं, सगळ्यांच्या देखत. आता काहीतरी होईल.

भाऊसाहेब मोकळेपणानं हसले. “मग बिघडलं काय? शिकवणाऱ्यानं शिकवलं, शिकणारी शिकली. अर्ध्या तासात शिकली, म्हणजे आमची सून हुशारच की! उमरीकर सरांनी उगीच शिफारस केली का?” त्यांनी पेढ्यांचा डबा माझ्यापुढं केला. “घ्या बाई. आणि तुम्ही शिकवता चांगलं, हे तर आता सिद्धच झालं. तासिकेवर येता का? आठवड्याला चार तास देऊ. हिला जरा नोट्सला वगैरे मदत होईल तुमची.”

मी इतकी वर्षं मनात त्या डब्याकडं बघत आले आहे. त्यांनी शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. ते खरोखरच मला काहीतरी देत होते. चोरीचा माल ज्याचा त्याला, भाड्यानं.

“चोरीला मदत म्हणतात का तुमच्यात?” मी विचारलं.

त्यांचं हसू गेलं. “बाई, तोंड सांभाळा. तुमच्या सरांच्या ओळखीवर आत आलात. मुलाखतीला बोलावलं हेच पुष्कळ झालं.”

“बोलावलं कारण तुम्हाला चार डोकी लागत होती. माझं…”

“ह्यांना बाहेर न्या,” भाऊसाहेब शिपायाला म्हणाले आणि फोनकडं वळले. माझं वाक्य तिथंच राहिलं.

गेटपाशी मागून पावलं वाजली. शलाकाबाई. साडीचा पदर डोक्यावर घेत धापा टाकत आल्या होत्या.

“ताई, रागावू नका. मी खरं बोलले ना? खोटं नाही बोलले.”

“नाही बोललात.”

“आत सरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ते आपोआपच आलं हो. मला इतकं पटलं होतं ते. आणि मला ह्याच कॉलेजात नोकरी मिळाली तरच बाहेर पडता येणार आहे. दुसरीकडं कुठं पाठवणार नाहीत हे लोक. चार वर्षं झाली लग्नाला, मी नुसती स्वयंपाकघरात आहे.”

“मग मी काय करू?”

त्या गडबडल्या. “नाही… म्हणजे… शेवटचा कालखंड राहिला तुमचा. दुसऱ्या महायुद्धानंतरचा. जूनपासून मला वर्ग घ्यायचा आहे. तुम्ही कधी…”

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच शिकायचं होतं.

“शलाकाबाई, खरं बोललात ना? मग पूर्ण बोला. रुजू व्हायच्या कागदावर सही करू नका.”

“ते माझ्या हातात आहे का?”

“पेन कुणाच्या हातात असतं मग?”

त्यांनी खाली पाहिलं. आतून कुणीतरी “वहिनीसाहेब” म्हणून हाक मारली आणि त्या वळल्या. जूनमध्ये त्या रुजू झाल्या.

मी विद्यापीठाला तक्रार केली. निवड नियमानुसार झाल्याचं एका ओळीचं उत्तर आलं. उमरीकर सरांना जाऊन सांगितलं, की माझं काढलेलं प्रकरण मी परत घालणार आहे. “मग दुसरा मार्गदर्शक बघ,” सर म्हणाले. मी बघितला. नांदेडच्या डॉ. जोहरा काझींनी मला घेतलं, पण नोंदणी नव्यानं करावी लागली. एम.फिल.ला दोन वर्षं जास्त गेली. या काळात मी तीन ठिकाणी तासिकेवर शिकवलं, तौरांचं कॉलेज सोडून.

त्यानंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवे अंक चाळताना मला तो लेख दिसला. ‘अमेरिकन साहित्याचा आरंभ: एक नवा विचार’. लेखक डॉ. पद्माकर उमरीकर. जहाज, किनारा, शेतातली गाणी, शेवटी ढावलो. आणि खाली तळटीप: या विचाराची प्रथम सूचना केल्याबद्दल प्रा. सौ. शलाका तौर यांचे आभार.

मी अंक उचलला, इंग्रजी विभागात गेले आणि सरांच्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं. समोर एम.ए.चे सात-आठ विद्यार्थी बसले होते. सरांना मला बघून आनंदच झाला.

“ये, विमल, ये! वाचलास वाटतं? तुझ्याच आवडीचा विषय आहे.”

मी बसले नाही. व्हरांड्यापासून सुरुवात केली आणि ओळीनं सगळं सांगितलं. बाक, पोहे, जीप, पेढे, लाल शाई. सर दोनदा मध्ये बोलायला गेले. मी बोलू दिलं नाही. एक मुलगी वही बंद करून माझ्याकडं बघत होती. संपल्यावर मी अंक टेबलावर ठेवला. “तळटीप दुरुस्त करा,” म्हणाले आणि बाहेर पडले.

पुढच्या अंकात दुरुस्ती आली. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, दोन ओळी. त्यात माझं आडनाव ‘अढाव’ छापलं होतं.

मी पुन्हा गेले.